सायकल येते हो, पण...

मी गेली अकरा वर्षं सायकल चालवतेय. रविवारी डोणज्यापर्यंत, पाय चांगले असले तर वर सिंहगड. पावसाळ्यात ताम्हिणी. २०० किलोमीटरची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल राईड) दोनदा साडेतेरा तासांच्या आत पूर्ण केली, त्याची पदकं फ्रिजवर लावून ठेवलीत. आणि एवढं सगळं करून मला हँडलवरचा उजवा हात सोडता येत नाही.

डावा सुटतो. डाव्या हाताने मी बाटली काढते, नाक पुसते, चिलटं हाकलते. उजवा उचलायचं मनात आलं की पुढचं चाक लगेच थरथरायला लागतं. त्यामुळे उजवीकडे वळायचं असलं की हात दाखवता येत नाही. मग मी काय करते? डावीकडे कडेला घेते, उतरते, पादचारी बनून रस्ता ओलांडते आणि पलीकडे जाऊन पुन्हा बसते. नवऱ्याला वाटतं, बायको वाहतुकीच्या बाबतीत भलतीच शिस्तीची आहे.

गेल्या रविवारी सिंहगड रोडला शाळेतला एक पोरगा दोन्ही हात सोडून, वेफर्सचं पाकीट फोडत माझ्या शेजारून गेला. जाताना वळून म्हणाला, "काकू, मागच्या टायरला हवा कमी वाटतेय." वळूनसुद्धा बघितलंन! हात सोडून! हवा खरंच कमी होती.

तर मंडळी, ह्या धाग्यावर तुमचं सांगा. सायकल येते, पण कोणती गोष्ट काही केल्या जमत नाही? कुठे अडतं, काय काय करून पाहिलंत? आणि ज्यांना जमतं त्यांनी कसं जमतं तेही सांगा. फक्त "सरावाने येतं" एवढंच लिहू नका, ते आईसुद्धा सांगते.

सांगलीहून

हात सोडण्यावरून आठवलं. बारावीपर्यंत मी पेपर टाकायचो. पहाटे साडेचारला स्टँडजवळ गठ्ठे सुटायचे, पुरवण्या आत सारायच्या आणि आपापल्या लाईनला पळायचं. आमच्यात एक जण होता, तो चालत्या सायकलवर पेपर वळायचा. बाकीचे आम्ही पायरीवर बसून सगळे पेपर आधी वळून घ्यायचो, तोवर ह्याची चार घरं झालेली असायची.

पिशवी हँडलला पुढे. दोन्ही हात मोकळे, पाय चालूच. पेपरची आधी उभी घडी, मग एका कोपऱ्याकडून तिरकी घट्ट वळकटी, आणि राहिलेलं टोक आतल्या पदरात खोचायचं. रबर नाही, दोरा नाही. मग खांद्यावरून दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत. खरी गंमत फेकताना. अंग एका बाजूला वळलं की सायकल तिरकी व्हायला बघते, ती तो कमरेने सरळ करायचा. हँडलला बोटही नाही. त्याची लाईन पाऊण तासात संपायची, माझी सव्वा तासात.

एकदा नक्कल करायला गेलो. पेपर वकिलांच्या तुळशीत आणि मी त्यांच्या गटारीत. वर वकीलीणबाई म्हणाल्या, "पेपर ओला नाही ना झाला?"

ताई, तुमच्यासाठी त्याचं एक वाक्य देतो. मी विचारलं होतं, हात कसे सोडतोस? म्हणाला, "हात कुठं सोडतोय, मी बूड बसवतोय." तेव्हा चेष्टा वाटली होती. पण खरं तेच आहे. आपला भार तळहातांवर असतो, आणि हात उचलला की तो भार जायचा कुठे? हँडलवरच, एका बाजूने. आधी भार सीटवर आणि पायांवर घ्या. दुसरं म्हणजे पायडल मारणं थांबवू नका आणि फार हळू जाऊ नका. आपण घाबरून वेग कमी करतो आणि तिथेच डुगडुगतो. मला एवढं सगळं कळतं. हात अजून सुटत नाहीत.

ठाण्याहून

वय ५४. सायकल शिकले ५२ व्या वर्षी. घरात भावाला सायकल होती, मला कॅरिअर होतं.

शिकताना मुलाने दोन्ही पायडलं काढून टाकली. (डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात हे तेव्हा कळलं. तो अर्धा तास ते सोडवतोय समजून आवळत होता.) सीट इतकी खाली केली की दोन्ही तळपाय जमिनीला टेकतील. मग सोसायटीच्या आवारात नुसतं पायांनी ढकलत जायचं, लहान मुलं करतात तसं. चौथ्या दिवशी पाय उचलले तरी सायकल चालत राहिली. मग पायडलं लावली. तोल आला, वळण आलं, ब्रेक आले.

येत नाही ती सुरुवात. मला बसायला फूटपाथची कडा लागते. एक पाय कडेवर टेकवून बसते, मग निघते. सपाट रस्त्यावर मधेच थांबले तर पुन्हा निघता येत नाही, तीन-चार वेळा लंगडी घालते आणि कडेला ओढत नेते. त्यामुळे आमच्या भागातल्या सगळ्या कडा मला पाठ आहेत. कुठली उंच, कुठली फुटकी, कुठल्या कडेवर वडापावची गाडी लागते. सिग्नल लांबून लाल दिसला की मी वेग इतका कमी करते की पोचेपर्यंत तो हिरवा व्हावा. मागचे रिक्षावाले काय बोलतात ते इथे लिहीत नाही.

आमच्या गल्लीत एक भाजीवाली आहे. नऊवारीत, मागे मेथीचा भारा. उजवा पाय जमिनीवर, डावा पायडलवर, दोन ढकल्या आणि बसली. बघत राहावंसं वाटतं. तिला विचारलं तर म्हणाली, "बसायचं कशाला शिकायचं? पडायचं नाही म्हणून बसायचं."

(धागा काढणारी)

ताई, एक करून बघा. सीटवर बसून निघूच नका. सीटच्या पुढे, नळीच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून उभ्या राहा. उजवं पायडल वर आणा, घड्याळात दोन वाजल्यावर छोटा काटा असतो तिथे. त्यावर पाय ठेवून पूर्ण भार द्या, जिना चढल्यासारखं. सायकल पुढे जाते आणि तुम्ही आपोआप उंच होता, मग मागे सीट असतेच. पायडल सहावर असताना निघायला गेलं तर कुणालाच जमणार नाही, ढकलायला काही उरतच नाही. लेडीज सायकल असेल तर अजून सोपं.

सोलापूरहून

माझं साधं आहे. पंक्चर.

काढता येतं, पण पटकन येत नाही आणि धड येत नाही. आमच्याकडे रस्त्याकडेला बाभळी, त्यामुळे काट्याला तोटा नाही. पहिल्यांदा एकट्याने ट्यूब बदलली तेव्हा स्वतःवर इतका खूश होतो की निघण्यापूर्वी फोटो काढला. अर्ध्या किलोमीटरवर पुन्हा बसली. काटा टायरमध्येच होता. दुसरी ट्यूबपण गेली, तिसरी नव्हती, तुळजापूर रोडला एक वाजताचं ऊन. टमटममध्ये सायकल टाकून आलो.

आता पहिल्यांदा टायरच्या आतून बोट फिरवतो, हळू, नाहीतर बोटालाच पंक्चर. टायरवरचं कंपनीचं नाव व्हॉल्व्हच्या समोर आणून बसवतो. म्हणजे ट्यूबमध्ये भोक जिथे सापडेल त्यावरून टायरमध्ये काटा कुठे ते लगेच कळतं. सोल्यूशन लावलं की वाळू देतो, ओल्यावर पॅच चिकटवायची घाई करत नाही. एवढं सुधारलंय.

जमत नाही ते टायरचा शेवटचा वीतभर भाग हाताने रिमवर चढवणं. पंक्चरवाला अंगठ्याने टक् करून बसवतो. मी लिव्हर घालतो आणि आत ट्यूब चिमटून नवं भोक पाडतो. कुणी सांगेल का?

पुण्याहून, कोथरूड

@सोलापूर, शेवटचा भाग व्हॉल्व्हपाशी आणा. व्हॉल्व्ह आत दाबा, आणि टायरच्या दोन्ही कडा रिमच्या मधल्या खोलगट भागात सरकवत या. तिथे घेर कमी असतो, म्हणून टायरला ढील मिळते. आपण व्हॉल्व्हच्या विरुद्ध बाजूला संपवतो आणि मग ताकद लावतो.

माझं: क्लिट, म्हणजे बुटाच्या तळाची पायडलमध्ये अडकणारी पट्टी. नवीन बूट घातले, पायडलला पाय अडकवले, कर्वे पुतळ्याच्या सिग्नलला थांबलो आणि उभ्याचा आडवा झालो. वेग शून्य. शेजारच्या स्कूटरवरच्या आजोबांनी विचारलं, "चक्कर आली का?" हो म्हणालो. हो म्हणणं सोपं होतं.

नाशिकहून

माझं उत्तर थोडं वेगळं आहे, पण मला हे सायकलिंगचंच कौशल्य वाटतं. झोप.

२००, ३००, ४०० झाल्या. ६०० ची बीआरएम ४० तासांत पूर्ण करायची असते आणि घड्याळ थांबत नाही, तुम्ही जेवा, झोपा, पंक्चर काढा. पायांत ताकद होती, गिअर कळत होते, चढ कळत होते. रात्री अडीचला ढाब्यावर थांबलो. माझ्या सोबतचा पोस्टातला एक माणूस म्हणाला, "वीस मिनिटं." हेल्मेट उशाला घेतलं, बाकावर आडवा झाला आणि घोरायला लागला. शेजारी ट्रकवाल्यांचा टीव्ही चालू, वर ट्यूबलाईट, तिच्यावर किडे. बरोबर वीस मिनिटांनी गजर न लावता उठला, तोंडावर पाणी मारलं, चहा घेतला, तयार. मी ती वीस मिनिटं डोळे मिटून तडका टाकल्याचे आवाज मोजत होतो. सहा.

पहाटे चारनंतर मला मैलाचे दगड बसलेल्या कुत्र्यांसारखे दिसायला लागले. एका दगडाला मी "हाड" म्हणालो. सोबत्याने मुकाट्याने माझी सायकल धरली आणि एका बंद टपरीच्या ओट्यावर मला झोपवलं. हे हसण्यावारी नेऊ नका, हायवेवर एका डुलकीत सगळं संपतं.

आमच्या नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन २०१५ ला अमेरिकेतली रॅम (रेस अक्रॉस अमेरिका) ही सायकल शर्यत दोघांची टीम म्हणून नऊ दिवसांच्या आत पूर्ण करून आले. जवळपास ४,८०० किलोमीटर. त्यात एक चालवतो तेव्हा दुसरा गाडीत विश्रांती घेतो. सगळे त्यांच्या पायांबद्दल बोलतात. मला त्यांना एकच विचारायचंय: धावत्या गाडीत, हुकमावर झोप कशी लागायची?

युट्रेक्ट, नेदरलँड्सहून

इथे येऊन समजलं की मला सायकल येत नव्हती. कोल्हापुरात शाळा-कॉलेज सायकलवर केलं, त्याचा भलताच माज होता.

पहिल्याच दिवशी जुनी सायकल घेतली. सिग्नलला थांबता थांबता सवयीने पायडल उलटं फिरवलं, निघताना पाय वर यावा म्हणून. आपण सगळे करतो. सायकल जागच्या जागी थिजली आणि मागची बाई माझ्या मडगार्डवर. इथल्या पुष्कळ साध्या सायकलींना हाताचा ब्रेक नसतोच, पायडल उलटं दाबलं की ब्रेक लागतो. आठवडाभर माझे पाय आणि डोकं यांचं भांडण चालू होतं.

मग ट्रामचे रूळ. रुळाला समांतर गेलात की चाक खाचेत बसलंच. शक्य तितकं काटकोनात ओलांडायचं, हे इथली पाच वर्षांची पोरं जाणतात, मला ॲमस्टरडॅमला जाऊन गुडघा फोडून कळलं. मग स्टेशनखालचा सायकलतळ, १२,५०० सायकलींचा, दोन मजली रॅक. खालची जागा कधी मिळत नाही. वरचा रॅक ओढून खाली आणायचा, त्यात पुढचं चाक घालायचं आणि अख्खी सायकल वर ढकलायची. माझ्या खांद्याएवढ्या पोरी एका हाताने करतात, दुसऱ्या हातात कॉफी. मी अजून आजूबाजूला कुणी बघत नाही ना ते बघून दोन्ही हातांनी आणि गुडघ्याने करते.

पण खरी इच्छा वेगळी आहे. इथे कॅरिअरवर डबलसीट बसणारा आधी बसत नाही. चालवणारा निघतो, दुसरा शेजारून दोन पावलं पळतो आणि उडी मारून एका बाजूने बसतो. सायकल हलतसुद्धा नाही. आम्ही दोघं नवरा-बायको रात्री मोकळ्या रस्त्यावर प्रयत्न करतो. तो उडी मारतो तेव्हा मी दचकते. मी उडी मारते तेव्हा तो "थांब थांब" म्हणून ब्रेक लावतो. आठ वर्षं झाली लग्नाला.

फोंड्याहून

आमच्या गोव्यातल्या पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, सायकल एकदा चालवून बघा, मग बोला. मागे पावांची भलीमोठी करंडी, त्यावर निळं प्लास्टिक. करंडीमुळे पाय मागून टाकताच येत नाही, पुढून नळीवरून काढावा लागतो. पाव असतात हलके, पण वारा भरला की करंडी शिडासारखी ओढते. एक हात हँडलवर, दुसरा पों-पों वर, आणि गेटपाशी सुटे पैसे परत देताना पाय टेकवत नाही. मला रिकामी सायकल दिली होती, तरी माडाला जाऊन लागलो.

इचलकरंजीहून

सगळे चालवण्याचं लिहितायत. मला चाकाचा आउट काढता येत नाही, म्हणजे डुलणारं चाक सरळ करता येत नाही.

बाकी सगळं करतो. चेन, ब्रेक, गिअर, बॉल बेअरिंगला ग्रीस, सगळं घरी. चाक डुलायला लागलं की मात्र मामांच्या दुकानात. मामा म्हणजे आमच्या पेठेतले सायकल मिस्त्री, सत्तरीच्या पुढचे. त्यांच्याकडे आउट काढायचा स्टँड नाही. सायकल उलटी ठेवतात, सीट आणि हँडलवर. चाक फिरवतात आणि रिमजवळ खडूचा तुकडा धरतात, हात फ्रेमला टेकवून, अजिबात न हलवता. रिम जिथे बाहेर आलीय तिथेच खडू घासतो. पांढरी खूण उठते. मग खुणेच्या जागी समोरच्या बाजूची तार पाव आटा आवळायची, ह्या बाजूची पाव आटा सैल. पुन्हा फिरव, पुन्हा खडू. खूण लांबत लांबत गेली आणि शेवटी पूर्ण रिमभर पुसट रेघ आली की झालं.

मी तीन वेळा करून पाहिलं. पहिल्यांदा निपल (तार आवळायचे छोटे नट) उलट्या दिशेने फिरवले. चाक उलटं असताना खालच्या आणि वरच्या तारेला डावं-उजवं बदलतं, डोक्यात गोंधळ होतो. दुसऱ्यांदा दिशा बरोबर होती, पण अर्धा अर्धा आटा पिळला. डावी-उजवीकडचा डोल गेला आणि चाक अंड्यासारखं झालं, वर-खाली उड्या. तिसऱ्यांदा एक तार ताडकन तुटली.

मामांनी ते चाक बघितलं आणि काही बोलले नाहीत. नखाने एकेक तार छेडत गेले. जुन्या काळ्या सायकलचं मागचं चाक, चाळीस तारा. टिंग टिंग टिंग टुंग. "टुंग" आलं की थांबायचे. "ही काय काम करत नाही. हिचं काम शेजारच्या दोघी करतात, म्हणून त्यातली एक तुटली." मग मला छेडायला लावलं. मला सगळ्या सारख्याच वाजल्या. मुलगी तबला शिकते, तिला नेलं एकदा. तिने तीन टुंग बरोबर काढल्या. आता मामा तिलाच बोलावतात, मी चहा आणतो.

साताऱ्याहून

उतार. चढाचं काही नाही, कासला धापा टाकत का होईना जातो. येताना यवतेश्वर घाटात माझ्यापुढे पोरंटोरं निघून जातात.

एकदा पडलोय. पावसाळ्यानंतर वळणावर बारीक खडी वाहून आलेली असते. मी वळणात शिरल्यावर घाबरून ब्रेक दाबला, तोही पुढचा. बरगडी दोन महिने दुखली. तेव्हापासून दोन्ही ब्रेकवर बोटं आणि सगळं अंग लाकूड. घाट संपेपर्यंत मनगटं आणि दात दोन्ही दुखतात, कारण दात आवळलेले असतात.

एका जुन्या सायकलवाल्याने शिकवलेलं पाठ आहे. वेग वळणाच्या आधी कमी कर, वळणात नाही. बाहेरच्या बाजूचं पायडल खाली आणि त्यावर भार. नजर खड्ड्यावर नको, वळण जिथे संपतं तिथे, कारण जिकडे बघशील तिकडे जाशील. आणि सर्वात विचित्र म्हणजे उजवीकडे वळायचं तर हँडलची उजवी बाजू किंचित पुढे ढकलायची. क्षणभर चाक डावीकडे जातं, सायकल उजवीकडे कलते आणि वळते. म्हटलं, काहीही! मग मोकळ्या मैदानावर करून बघितलं. खरं आहे, आणि आपण जन्मभर तेच करत आलोय, फक्त माहीत नसतं. माहीत झाल्यापासून उलट मला वळताच येईना. चार दिवस विचार करून वळत होतो. न विचार करता परत वळायला महिना लागला.

(धागा काढणारी)

सगळ्यांचे आभार. ठाण्याच्या ताईंचा निरोप आला, दोन वाजल्याची खूण जमली, पण पहिल्या वेळी इतका जोर लावला की थेट वॉचमनच्या खुर्चीपर्यंत गेल्या. ताई, इथे सविस्तर लिहाच.

माझा अहवाल. सांगलीच्या दादांचं ऐकून तीन आठवडे रोज सकाळी दहा मिनिटं. आधी उजवा हात हँडलवरच, पण नुसती बोटं टेकवून, पेटी वाजवल्यासारखी. मग हात उचलून लगेच मांडीवर. एक आकडा, दोन आकडे, पाच. मग कमरेवर. काल पहिल्यांदा खऱ्या रस्त्यावर, उजवीकडे वळताना, हात बाहेर काढला. पूर्ण. सरळ. चाक थरथरलं नाही.

समोरून मॉर्निंग वॉकचे एक आजोबा येत होते. त्यांनीही हसून मला हात केला. मग त्यांना वाईट वाटू नये म्हणून मी न वळता सरळच गेले.